गाडी खाली घेण्याआधी

प्रिय ओंकार,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. मागे ग्राइंडरचा आवाज होता, म्हणजे तू गॅरेजमध्ये उभा राहूनच बोलत होतास. मिस्त्री म्हणतोय, पुढच्या दोन्ही स्प्रिंगांचा दीड-दीड राउंड उडवू, संध्याकाळपर्यंत गाडी खाली बसलेली असेल, खर्च चहापाण्याचा. तुला ते पटलंय. ताई याच कामात आहे तर तिचा एक 'हो' घेऊन ठेवावा, एवढ्यासाठी मेसेज.

हो म्हणत नाही. पण घरातल्या मोठ्यांसारखं 'कशाला नसते उद्योग' असंही म्हणणार नाही. ही हौस मला कळते. मी दिवसभर शॉकअप आणि स्प्रिंगांच्या ड्रॉइंगमध्ये डोकं घालून बसते, तरी पार्किंगमध्ये एखादी नीट बसलेली गाडी दिसली की चालता चालता थांबते. तुझ्या ग्रुपमधली निम्मी पोरं याच वाटेला लागलीत, म्हणून हे पत्र सरळ छापायलाच देतेय. त्यांच्याही हाती पडू दे.

तुला दोन गोष्टी हव्यात आणि तू त्या एकच समजतोयस. पहिली, चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती पोकळी, जिच्यात मूठ सहज जाते, ती तुझ्या डोळ्यांना खुपते. दुसरी, करूळ घाटात वळणावर गाडी एका अंगावर झुकते, ते तुला आवडत नाही. गाडी खाली घेतली की दोन्ही कामं होतात असं तू धरून चाललायस. पहिलं होईल. दुसरं तुझ्या पोलोत उलटंही होऊ शकतं, आणि ते का, हे सांगण्यासाठीच मी लिहायला बसलेय.

तू जे व्हिडिओ बघतोस ते बहुतेक अमेरिकन गाड्यांचे. जुनी शेवरले शेव्हेल घे. तिला पुढे वर एक आणि खाली एक असे दोन विशबोन, म्हणजे चाक धरणारे त्रिकोणी आर्म असतात आणि स्प्रिंग त्यांच्यामध्ये. तिथे 'ड्रॉप स्पिंडल' नावाचा सुरेख उपाय मिळतो: चाकाची खुंटी नकलवर, म्हणजे आर्मच्या टोकाला चाक धरणाऱ्या तुकड्यावर, दोन इंच वर सरकवलेली असते. स्प्रिंगला हात लावायचा नाही, आर्मचे कोन बदलायचे नाहीत, गाडी मात्र दोन इंच खाली. तिथले लोक स्प्रिंगही बिनधास्त कापतात, कारण त्या स्प्रिंगांची टोकं बऱ्याचदा सरळ सुटलेली असतात आणि स्प्रिंग आर्मच्या साधारण मध्यावर बसलेली असल्यामुळे थोडं कापलं तरी चाकाशी त्याच्या दुप्पट फरक दिसतो. ते सगळं त्यांच्या गाडीसाठी बरोबर आहे. तुझी गाडी त्या जातीची नाही.

तुझ्या पोलोला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. अर्ल मॅकफर्सन हा जनरल मोटर्सचा इंजिनिअर. शेवरलेसाठी तो कॅडेट नावाची छोटी, स्वस्त गाडी करत होता. 1947 साली कंपनीने ती गुंडाळली आणि हा फोर्डकडे गेला. 1950 च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सल आणि झेफिरमध्ये त्याची रचना लोकांना दिसली आणि मग जगातल्या बहुतेक छोट्या गाड्यांनी ती उचलली. युक्ती अशी की वरचा विशबोन काढूनच टाकायचा. शॉकअप, स्प्रिंग आणि चाकाचा वरचा आधार हे सगळं एकाच खांबात. जागा वाचते, पैसे वाचतात, इंजिन आडवं बसवता येतं. पण एकाच खांबावर इतकी कामं टाकल्यावर त्यातलं एक बदललं की बाकीची सगळी हलतात. म्हणून ड्रॉप स्पिंडलसारखी पळवाट तुझ्या गाडीला नाही.

आता मिस्त्रीचा हिशेब करू. आकडे तुझ्या गाडीचे नेमके नाहीत, पण या मापाच्या गाडीला शोभणारे आहेत. पुढच्या एका कोपऱ्यावर 300 किलो भार आणि स्प्रिंगचा ताठपणा मिलिमीटरला 22 न्यूटन धर. गाडीच्या वजनाने स्प्रिंग 134 मिलिमीटर दबून बसते. तिचे कामाचे राउंड पाच. त्यातला एकच कापला, दीड नव्हे, तर उरले चार. तार तीच, घेर तोच. राउंड कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात ताठ होते. पाचाचे चार, म्हणजे सव्वापट, 27.5 न्यूटन. आता ती 107 मिलिमीटरच दबते. कापलेल्या राउंडची 65 मिलिमीटर उंची गेली, ताठपणामुळे 27 परत मिळाली. गाडी खाली आली 38 मिलिमीटर. दीड इंच, एका राउंडात.

इथपर्यंत मिस्त्री खूश, तूही खूश. गोम पुढे आहे. समज, मूळ गाडीत दणका बसल्यावर चाकाला वर जायला 75 मिलिमीटर जागा होती. आता उरली 37. दणका तोच, खड्डा तोच. तेवढीच ऊर्जा निम्म्या अंतरात जिरवायची तर स्प्रिंग चौपट ताठ हवी, कारण इथे अंतराचा वर्ग होतो. तू दिलीस सव्वापट. बाकीचं कोण पचवणार? आधी बंप स्टॉप, म्हणजे शॉकअपच्या दांड्यावरचा तो फोमसारखा ठोकळा. तो चुरला की स्ट्रटचं वरचं माउंट. मग बॉडीचा पत्रा, आणि शेवटी तुझी कंबर. कापलेल्या स्प्रिंगांची गाडी 'स्पोर्टी कडक' वाटते असं पोरं सांगतात ना, ते बऱ्याचदा बंप स्टॉपवर बसून धावणं असतं.

दुसरा भाग आणखी वाईट आहे. स्ट्रट बाकावर घेऊन खालची बशी नीट बघ. तिच्यात एक छोटी पायरी असते आणि स्प्रिंगचं टोक बरोबर तिथे अडतं. स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग जागेवर राहावी म्हणून ती सोय. ग्राइंडरने कापलेलं टोक त्या पायरीत तसं बसत नाही, कारण कापलेल्या जागी तारेचा चढ वेगळा असतो. शिवाय गाडी जॅकवर घेतली, चाक लोंबकळलं, की स्ट्रट पूर्ण लांब होतो. कंपनीची स्प्रिंग तेव्हाही थोडी दबलेली राहील अशीच बनवलेली असते. कापलेली स्प्रिंग त्या क्षणी सैल पडते. हाताने धरून हलवता येते. हेच खोल खड्ड्यात वेगात होतं, आणि चाक परत वर येताना टोक पायरीबाहेर बसलं तर पुढचं मला लिहायचं नाही.

कोणी 'गॅसने तापवून बसवू, कापायलाही नको' म्हणालं तर गाडी घेऊन तिथून निघ. स्प्रिंगचं सिलिकॉन-क्रोम पोलाद पाणी देऊन आणि पुन्हा मोजून-मापून तापवून त्या गुणाला आणलेलं असतं. लालबुंद केलं की तो गुण गेला. ती स्प्रिंग आज बसेल, उद्या आणखी बसेल, आणि डावी-उजवी सारखी कधीच बसणार नाही.

आता घाटाकडे येते. वळणावर गाडी झुकते ती एका काल्पनिक बिजागरीभोवती. गाडीचं वजन त्या बिजागरीच्या जितकं वर, तितकी ती जास्त झुकते. आमच्याकडे त्या बिजागरीला रोल सेंटर म्हणतात. ते कुठे असेल हे स्ट्रटच्या गाडीत दोन रेषा ठरवतात: एक स्ट्रटच्या वरच्या टोकातून त्याला काटकोनात जाणारी, दुसरी लोअर आर्मच्या, म्हणजे उरलेल्या खालच्या विशबोनच्या, दिशेने जाणारी. कंपनीने गाडी दिली तेव्हा लोअर आर्म चाकाकडे किंचित खाली उतरता असतो. गाडी खाली घेतली की आधी तो आडवा होतो, आणखी घेतली की चाकाकडे वर चढतो. आर्मचा कोन असा फिरला की रोल सेंटर धाडकन खाली येतं, बहुतेक स्ट्रटच्या गाड्यांत गाडी जितकी उतरली त्याच्या जवळपास दुप्पट, कधी जास्तच. म्हणजे वजन 38 मिलिमीटर खाली आलं आणि बिजागरी त्याहून कितीतरी खाली. दोघांमधलं अंतर वाढलं. ताठ स्प्रिंगने थोडं सावरलं तरी खाली घेऊन जे मिळेल असं तुला वाटत होतं, ते भूमितीने परत काढून घेतलं. याच्याच जोडीला स्टिअरिंगच्या टाय रॉडचा कोनही बिघडतो, आणि मग खड्ड्यात चाक वर-खाली होताना ते आपोआप थोडं वळतं. स्टिअरिंग हातात नाचतं ते त्यामुळे. रेसवाले यावर लांब मानेचे बॉल जॉइंट लावतात. तू ते शोधत बसू नकोस.

मग करायचं काय? पर्याय तसे तीनच आहेत. त्यातला एअर सस्पेन्शनचा आधी निकालात काढते. स्प्रिंगच्या जागी रबरी फुगा, डिकीत कॉम्प्रेसर आणि टाकी, बटण दाबलं की वर, हवा सोडली की खाली. रंकाळ्यावर गाडी टेकवून उभी करायला नाद खुळा. पण डिकी गेली, नळ्यांचे सांधे आले, सांधे आले की गळती आली, आणि नीट चालणारं किट घेण्याइतके पैसे तुझ्याकडे असते तर तू मला मेसेज केलाच नसतास.

कॉइलओव्हर म्हणजे आटे पाडलेला स्ट्रट. कडी फिरवून उंची ठरवायची. यात दोन जाती आहेत आणि दुकानदार त्या उलगडून सांगत नाहीत. स्वस्त जातीत कडी खाली नेली की स्प्रिंगची बशी खाली जाते, म्हणजे पुन्हा चाकाची हालचालच खाल्ली जाते. चांगल्या जातीत स्ट्रटचा खालचा भाग वेगळा फिरतो, त्यामुळे गाडी उतरते पण शॉकअपचा प्रवास तेवढाच राहतो. ट्रॅकवर जाणाऱ्याने हीच घ्यावी. तू दर पावसाळ्यात कोकणात उतरणारा माणूस. त्या आट्यांत लाल चिखल आणि खारी हवा बसली की वर्षाने पान्याने कडी हलत नाही. दर पावसाळ्यानंतर खोलून, ब्रशने घासून, ग्रीस लावून ठेवणार असशील तर गोष्ट वेगळी. तू बाईकची चेन किती वेळा घासतोस ते मला माहीत आहे.

तिसरा पर्याय म्हणजे मुद्दाम बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा. आयबाख, एचअँडआर अशा कंपन्या हेच करतात. यात राउंड कमी केलेले नसतात. तारच वेगळ्या चढाने वळलेली असते. एका टोकाचे दोन-तीन राउंड जवळजवळ असतात. गाडी जमिनीवर असताना ते मिटून बसतात, ताठ भाग काम करतो. चाक लोंबकळलं की तेच राउंड उघडतात आणि स्प्रिंग सैल पडू देत नाहीत. टोक पायरीत बरोबर बसतं. तरी वर्गाचा नियम त्यांनाही लागू आहेच: 75 चे 50 मिलिमीटर झाले की सव्वादोन पट ताठपणा हवा, आणि या स्प्रिंगा तेवढ्या ताठ नसतात. म्हणून त्यांच्याबरोबर आखूड, हळूहळू दबणारा बंप स्टॉप आणि जोडीचा आखूड शॉकअप घ्यायचा. जुन्या शॉकअपवर नवी आखूड स्प्रिंग चढवली तर तो त्याच्या प्रवासाच्या तळाशीच जगतो आणि लवकर फुटतो.

माझं मत विचारशील तर रोजच्या गाडीला 25 मिलिमीटर. त्याहून खाली नाही. आणि चारही स्प्रिंगा एकदम, फक्त पुढच्या नाहीत. नुसतं नाक खाली घेतलंस तर काय होतं ते बघ. तुझ्या गाडीच्या दोन चाकांमधलं अंतर जेमतेम अडीच मीटर. पुढून 25 मिलिमीटर खाली म्हणजे सगळी गाडी एका टक्क्याने पुढे कलली. हेडलाइटही तिच्याबरोबर कलले. डिपर साधारण मुळातच एक टक्का खाली झुकवलेला असतो. आता तो दोन टक्के झाला. दिवा जमिनीपासून 65 सेंटिमीटरवर असेल तर उजेडाची कड पूर्वी 65 मीटरवर पडायची, आता ती 32 मीटरच्याही आत येईल. रात्री घाटात निम्मा रस्ता गेला. डॅशबोर्डवरची ती चकती इथे कामाची नाही, कारण ती दिवे शून्यापासून खालीच नेते. हेडलाइटच्या मागचे स्क्रू फिरवून पुन्हा ॲडजस्ट करावं लागतं, आणि ते करायला कोणाच्या लक्षात राहत नाही. (स्टिअरिंग आपोआप सरळ होण्याची ओढही त्याच कलण्याने थोडी कमी होते.)

रस्त्यांचं तू म्हणशीलच. कंपनीने तुझ्या गाडीच्या पोटाखाली साडेसहा इंच, म्हणजे 165 मिलिमीटर जागा ठेवली, ती आपले रस्ते बघूनच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असतो. तुझी गाडी त्याच्या मध्यावर येते तेव्हा चाकंही त्याच उंचवट्यावर असतात, म्हणून पोटाखालची जागा फक्त 45 मिलिमीटरने कमी होते. 25 मिलिमीटर उतरलेली गाडी त्यावरून आरामात जाईल. पण आपल्या गल्लीत ते गतिरोधक कुठे आहेत? तिथे आहेत डांबराचे हातभर रुंदीचे उंचवटे, ज्याला जसा जमला तसा. 10 सेंटिमीटर उंचीचा तसला उंचवटा पूर्णच्या पूर्ण पोटाखाली शिरतो. एकच राउंड कापून आलेल्या 38 मिलिमीटरनंतर तुझ्याकडे 27 उरतात, तेही गाडी रिकामी आणि उभी असताना. आई-बाबा, मामी आणि ज्योतिबाचं सामान घेऊन त्यावर ब्रेक मारलास की ऑइल चेंबरच टेकणार. चेंबर फुटला आणि तेल गेल्यावर तू शंभर पावलं जरी गाडी चालवलीस, तरी इंजिनाचं काम निघालं समज.

कायद्याचंही ऐक, थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीतली माहिती कंपनीच्या मूळ माहितीशी जुळेनाशी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम 182अ आलं: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. राइड हाइट आरसीवर लिहिलेली नसते, हे तुझे मित्र तुला सांगतील. खरं आहे. पण नवे पार्ट चढवण्याचा उल्लेख त्या कलमात स्पष्ट आहे, आणि अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्वेअर कापलेली स्प्रिंग बघेल तेव्हा तो आरसी बघत बसणार नाही. 25 मिलिमीटरच्या चांगल्या स्प्रिंगाही या जोखमीतून सुटत नाहीत. घ्यायच्या तर इन्शुरन्स कंपनीला कळवून, लेखी घे.

पण ओंकार, त्या स्प्रिंगा मागवण्याआधी दोन कामं कर. माझी शंका आहे की त्यानंतर तुला त्यांची गरजच वाटणार नाही.

तुझी गाडी 2015 ची, तिसऱ्या हातातली. घाटात ती झुकते म्हणतोस, पण झुकल्यावर एकदा थांबते की डुलते? डुलत असेल तर तो उंचीचा नाही, मेलेल्या शॉकअपचा दोष. पुढचं चाक काढून शॉकअपच्या नळीवर तेलाचा ओघळ आहे का बघ. मग चाक परत लावून, ते जमिनीवर असताना एकाला स्टिअरिंग फिरवायला सांग आणि तू स्प्रिंगवर तळहात ठेव. 'टक्' असा झटका हाताला लागला तर वरच्या माउंटची बेअरिंग गेली. लोअर आर्मच्या मागच्या बुशात टॉर्च मारून बघ, रबराला चिरा असतील. हे तीन नवे घातले की गाडी इतकी बदलते की लोक विचारतात, काय केलंस. एक गोष्ट मिस्त्रीला उभं राहून करायला लाव: आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. जॅकवर, चाक लोंबकळत असताना आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. ऐंशी टक्के गॅरेजमध्ये ते जॅकवरच आवळतात, हा माझा अंदाज. पण खाली वाकून तेवढं बघणारा मिस्त्री भेटला तर त्याला सोडू नकोस.

दुसरं काम पोकळीचं. तुझ्या गाडीवर 185/60 आर15 टायर आहेत, उंची साधारण 603 मिलिमीटर. नंतरच्या वर्षांत याच गाडीला कंपनीकडूनच 195/55 आर16 यायला लागले, ते 621. फरक 18, त्रिज्येत 9. म्हणजे टायर मडगार्डच्या 9 मिलिमीटर जवळ गेला, आणि गाडीचं पोट जमिनीपासून 9 मिलिमीटर वर आलं. पोकळी कमी आणि चेंबर सुरक्षित, दोन्ही एकदम. स्पीडोमीटरमध्ये जेमतेम तीन टक्क्यांचा फरक पडेल. जुन्या चारही चाकांना गिऱ्हाईक मिळतं, म्हणून खर्चही तुला वाटतो तेवढा नाही.

एवढं करूनही मन भरलं नाही तर लोअरिंग स्प्रिंगा घे, मी विरोध करणार नाही. घेताना पेट्रोल 1.2 टीएसआयचाच सेट माग. डिझेलचं नाक जड असतं, तिच्या स्प्रिंगा तुझ्या गाडीला लावल्यास तर ती खाली यायच्या ऐवजी वरच राहील. बसवल्यावर चारपाचशे किलोमीटर चालव, मगच अलाइनमेंट कर. त्याआधी केलीस तर स्प्रिंगा आणखी बसतात आणि पैसे वाया. टोपेक्षा (चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) कॅम्बरची (चाक वरून आत-बाहेर कललेलं असणं) चिंता पोरं जास्त करतात, पण टायर आतून खाल्ला जातो तो बहुतेक वेळा टो बिघडल्यामुळे. तुझ्या गाडीत स्ट्रटची नळी नकलच्या पकडीत घुसते, दोन बोल्टांवर बसत नाही, त्यामुळे दुसऱ्या गाड्यांसारखे कॅम्बर बोल्ट लावता येत नाहीत. कोणी तुला ते विकायला आला तर त्याला गाडी कळत नाही असं समज.

या रविवारी एवढं करून पाठव. सपाट जागा, टाकी अर्धी, गाडीत कोणी नाही. प्रत्येक चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत फीत लावून चारही मापं लिही. डावी-उजवी पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळी निघाली तर मूळ स्प्रिंगांपैकीच एखादी बसलेली किंवा तुटलेली आहे, आणि मग सगळी चर्चा नव्याने करू. मिस्त्रीला सांग, ग्राइंडर तोपर्यंत बंद ठेव.

तुझी,
ताई

ता. क. चाकं काढायच्या आधी व्हील लॉकची चावी डिकीत आहे का ते बघ. आधीच्या मालकाने दिली नसेल तर आजच मागून घे.